एकोणीस सवाऱ्या

उमरखेडला आम्ही खोली शोधत होतो तेव्हा माझे मिस्टर ट्रकवर होते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मला कापडाच्या दुकानात काम लागलेलं, आणि पदरात साडेतीन वर्षांची आरू. आठ घरमालक पाहिले. आठही जणांचा पहिला प्रश्न एकच, "लहान लेकरू आहे का?" आहे म्हटलं की कुणाची खोली कालच गेलेली असायची, कुणाच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला असायचा. नवव्या ठिकाणी जाताना मी शहाणपणा केला. आरूला तिच्या बापासोबत रसवंतीवर बसवलं आणि एकटीच गेले.

बसस्टँडच्या मागे, नाल्याच्या काठाने टिनाच्या नऊ खोल्यांची रांग होती. समोर मोठं अंगण, त्यात एक कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली बनियनवर बसलेला एक उंच, वाळका म्हातारा. गळ्यात शिट्टी, हातात अडकित्ता.

"लेकरं किती?" त्याने विचारलं.

"नाहीत," मी ठणकावून सांगितलं.

"मंग खोली नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हातारा मात्र पुन्हा सुपारी कातरायला लागला होता. मी म्हटलं, "नाही म्हणजे, एक आहे. मुलगी आहे."

"आत्ता तं नव्हती."

"रसवंतीवर बसवली आहे."

म्हातारा उठून उभा राहिला. आता हाकलणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "रस पाजून राह्यले का तिले, का निसतं बसोलं? जा, घेऊन ये."

आरूला घेऊन आले. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "मोफत. पाच वर्षापरेंत मोफत. पाच ते बारा हाफ. बाराच्या वर फुल." मी घाबरून भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "खोलीचं भाडं वेगळं. हे पोट्टीचं सांगून राह्यलो."

तीसेक वर्षं एसटीत कंडक्टर होता तो. पंच करायची तिकिटं जाऊन मशीन आलं त्या सुमाराला निवृत्त झाला. मशीनवर त्याचा राग होता, कारण मशीन बटण दाबलं की तिकीट देतं, समोरच्या माणसाकडे बघत नाही. पण निवृत्त झाला असं आपलं म्हणायचं. अंगणात पाऊल टाकलं की कळायचं, गाडी चालूच आहे, फक्त चाकं काढून ठेवलीत.

आम्ही बाया त्याला काकाजी म्हणायचो, पोरं कंडक्टर आबाजी म्हणायची. खोल्यांतल्या बहुतेक बाया सकाळी आठला ऑटोत कोंबून शेतावर जायच्या, हंगाम असेल तसा कापूस वेचायला, नाहीतर गवत निंदायला. पुरुष कुणी हमाल, कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी भंगाराच्या गाडीवर. मागे राहायची पोरं, ती काकाजीच्या भरवशावर. शेजारच्या वस्तीत अशा पोरांना घरात कोंडून बाहेरून कुलूप लावायची पद्धत होती. एक बिस्किटाचा पुडा आणि चालू मोबाइल आत ठेवायचा की झालं. काकाजीला त्या मोबाइलचा भारी तिटकारा. म्हणायचा, "ते पोट्टं सीटवर बसलं हाय, पन गाडी कुठीच जाऊन नाही राह्यली."

त्याच्या अंगणात पोरांचा हिशेब प्रवाशांसारखा चालायचा. हाफवाल्यांनी नळाची अर्धी बादली भरायची, फुलवाल्यांनी पूर्ण, मोफतवाल्यांनी फक्त पाणी सांडायचं. भांडण केलं तर खिडकी जायची. खिडकी म्हणजे कुंपणाच्या भिंतीचं एक पडलेलं भगदाड होतं, तिथे बसलं की स्टँडवर शिरणाऱ्या बसेस दिसायच्या. त्या भगदाडासाठी पोरं गृहपाठ करायची, नखं कापून घ्यायची, कारल्याची भाजीसुद्धा खायची. मी दोनदा म्हटलं, काकाजी, भिंत पडेल एखाद दिवशी, बुजवून टाका. तो म्हणाला, "खिडकी बुजोली तं गाडीत कोन बसन?"

कडुनिंबाखाली सावलीत एक फरशीचा बाक होता. त्यावर त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, "लहान मुलांसाठी राखीव". एकदा मतं मागायला एक पुढारी आला, पांढरे कपडे, मागे दहा माणसं. आल्या आल्या त्या बाकावर बसला. काकाजीने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, सीट राखीव हाय." पुढारी हसला. काकाजी हसला नाही. भंगारवाल्याची चार वर्षांची पोर नाक ओढत शेजारी येऊन उभी राहिली होती. शेवटी साहेब उठले, पोर बसली, आणि साहेबांनी उरलेलं भाषण उभ्याने उरकलं. असं सुटसुटीत भाषण मी पुन्हा ऐकलं नाही.

पिऊन आलेल्या बापाला फाटकाच्या आत घेत नसे. पाच नंबरच्या खोलीतला एक जण आठवड्यातून दोनदा फाटकाबाहेर दगडावर बसून जेवायचा. बायको ताट बाहेर नेऊन द्यायची. तो आतल्या पोराकडे बघून हात हलवायचा, पोरगं खिडकीतून हात हलवायचं. दोघांचंही बरं चाललं होतं.

आणि शिट्टी. कुठल्याही आईने पोरावर हात उगारला की अंगणात शिट्टी वाजायची. "गाडी थांबली. बाई, खाली उतरा." मग त्या बाईने खोलीतून बाहेर यायचं, नळावर जाऊन पेलाभर पाणी प्यायचं आणि मगच आत जायचं. आरूने एकदा शिजलेल्या वरणात साबण टाकला होता. मी दिवसभर उभी राहून आले होते, पाय भरून आले होते, घरात दुसरं काही नव्हतं. मी हात उचलला आणि शिट्टी. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की नळावर जाताना मीच काकाजीला चार शब्द सुनावले. म्हटलं, तुम्हाला काय जातं बोलायला, स्वतःची पोरं सांभाळली असती तर कळलं असतं.

तो म्हणाला, "बरोबर हाय तुह्यं. पाणी पे. मंग मार, मारायचं असन तं."

पाणी प्यायले. नंतर मारायचं काही सुचलं नाही. त्या संध्याकाळी त्याने स्वतः लाल मिरची-लसणाचा भुर्का आणि भाकर आणून दिली, आणि भुर्का एवढा तिखट की आम्ही मायलेकी मिळून रडलो.

तो तेव्हा तसं बोलला नाही, पण त्याने स्वतःची पोरं सांभाळली नव्हती हे खरंच होतं. दोन मुलं होती त्याला, दोघंही पुण्यात. काकीजी गेल्या तेव्हापासून ते त्याला तिकडे बोलवायचे. एकदा गेला आणि आठव्या दिवशी परत आला. काय झालं विचारलं तर म्हणे, "सातव्या माळ्यावर राह्यतेत. पोट्टे खालीच नाही उतरत." मग सुपारी कातरता कातरता म्हणाला, "माह्या पोरायले मी झोपेलच पाह्यलं बाई. मुक्कामाची गाडी असे. मी आलो का ते झोपेल, मी निंघालो का ते झोपेल. एक दिवस उठले तं त्यायले मिशा होत्या." हे तो हसत सांगायचा आणि मीही हसायची. घरी येऊन मात्र आरू जागी असली तर मी तिच्याशी उगाच दोन वाक्यं जास्त बोलायची.

आता त्याची मुख्य खोड. त्याला एकाही पोराचं नाव माहीत नव्हतं. सात नंबरची, तीन नंबरचा मोठा, तीन नंबरचा लहाना, असंच चालायचं. आरू वर्षभर त्याच्या मांडीवर लोळली, पण त्याच्यासाठी सात नंबरची मोफत. मी एकदा टोकलं, तर त्याने मलाच समजावलं. "तीस वर्सं एकाही सवारीले नाव नाही इचारलं. नाव इचारलं का आडनाव इचारा लागते. आन् आडनाव इचारलं का गाडी तिथीच पंक्चर." आमच्या नऊ खोल्यांत बौद्ध होते, बंजारा होते, मुसलमान होते, आंध आदिवासी होते, एक घर कुणब्याचं होतं. आडनावावरून तिथे कधी कुणाचं पाणी वेगळं झालं नाही.

तो ओळखायचा नाही, मोजायचा. रोज संध्याकाळी सहा वाजता चटया दोन-दोनच्या रांगांत टाकून पोरांना बसवायचा, तोंडं सगळी बसस्टँडकडे. मग बसमध्ये फिरावं तसा मागून पुढे येत एकेका डोक्यावर पेन्सिल टेकवत जायचा. एकोणीस झाली की खूष. "सवारी एकोनीस, गाडी फुल." नंतर शिकवणी. भूगोल म्हणजे थांबे. आरूला बालवाडीत बाईंनी वारांची नावं विचारली, तर ती हात बांधून म्हणाली, उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा, यवतमाळ. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी काय सांगणार, म्हटलं रविवार लागतो मध्ये कुठेतरी.

तो दिवस बाजाराचा होता. दिवाळी आठवड्यावर आलेली, दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. शेजारच्या खोलीतल्या संगीताची बहीण ढाणकीहून बाजाराला आली होती, सोबत तिची पाच वर्षांची मुलगी. बाजारात पोरीची फरफट नको म्हणून बहिणीने तिला काकाजीकडे आणून सोडलं, म्हणाली, "काकाजी, हिले बसू द्या घंटाभर." हे सगळं मला नंतर कळलं. काकाजीने त्या पोरीला पाहिलं, आणि पोरांना हसवायला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गाडी फुल हाय बावा. कोनी उतरल्याबिगर जागा नाही." पोरं खिदळली. ढाणकीची पोर मात्र रडायला लागली, तेव्हा त्याने तिला साखरफुटाणे दिले आणि विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला.

मी सात वाजता आले. पोरं आपापल्या दारात जेवत होती. आमच्या दाराला कडी तशीच. काकाजीला विचारलं, "आरू कुठंय?"

"असन इथीच. मोजले ना म्या. एकोनीस हाय."

"पण आरू कुठंय?"

त्याने पुन्हा सगळ्यांना चटईवर बसवलं आणि पुन्हा पेन्सिल फिरवली. सतरा, अठरा, एकोणीस. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाह्य. बरोबर हाय." मी समोरून गेले आणि एकेक तोंड पाहिलं. खिडकीशेजारी आरूच्या जागेवर एक अनोळखी पोर साखरफुटाणे खात बसली होती. मी काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, "माणसाची लेकरं आहेत ही. मेंढरं मोजता का तुम्ही?"

काकाजीने पेन्सिल टाकली आणि तो तसाच, अनवाणी, बसस्टँडकडे पळत सुटला. सत्तरीचा माणूस, धोतर सावरत. मी नाल्याकडे धावले. नाल्यात गुडघाभर पाणी होतं आणि मी त्यात उतरून तिला हाका मारत होते. त्या दहा मिनिटांबद्दल मला आजही लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

संगीताने मला ओढत स्टँडवर नेलं. तिथे कंट्रोलरच्या खिडकीत काकाजी उभा होता आणि आतला माणूस फोनवर हसत होता. ढाणकीच्या बसमधल्या कंडक्टर बाईचा फोन होता. बाजाराच्या गर्दीमुळे गाडी उशिरा सुटली, आणि तिकिटं काढता काढता तिला खिडकीपाशी एक लहान पोर दिसली. कुणासोबत आहेस विचारलं तर पोरीने खणखणीत सांगितलं, "मी मोफत. खोली नंबर सात, कंडक्टर आबाजीच्या खोल्या, बसस्टँडच्या मागं, उमरखेड." तो पत्ता त्याने सगळ्या पोरांकडून घोटून घेतला होता. डेपोतलं कोण त्याला ओळखत नव्हतं? बाईने लगेच फोन लावला. पोरीला ढाणकीच्या स्टँडवर बसवते आणि तुम्ही येईपर्यंत हलत नाही, म्हणाली.

पुढच्या बसने मी आणि काकाजी गेलो. आरू त्या बाईच्या शेजारी बसून चहात टोस्ट बुडवत होती. मला बघून तिने हात हलवला. मी तिला एवढं घट्ट धरलं की टोस्ट माझ्या साडीला चिकटला.

परतीच्या बसमध्ये ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मी विचारलं, "का गेली गं तू?"

ती म्हणाली, "आबाजीच म्हनले ना. कोनी उतरल्याबिगर जागा नाही. ती रडत होती. म्हनून मी उतरली." मग थोडा विचार करून म्हणाली, "ती ढाणकीहून आली, म्हंजे तिची जागा तिथं खाली असन. ढाणकीची गाडी कुठं लागते ते मले खिडकीतून दिसते."

काकाजी खिडकीबाहेर बघत होता. उमरखेड येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं दार बंद. ऑटो आला, बाया पोरं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "गाडी बंद. आपापले पोट्टे पाहा. मले नाही जमत." संगीताने दोन तास विनवलं. त्या दिवशी नऊ घरांपैकी सहा बाया कामावर गेल्याच नाहीत, आणि बाकीच्या तिघींनी पोरांना सोबत नेलं.

मी सरळ सांगते, मला बरं वाटलं. मी चिडलेली होते. मिस्टर फोनवर म्हणत होते, खोली सोड, गावी आईकडे जा. दोन दिवस मी आरूला दुकानात नेलं. पहिल्या दिवशी तिने साड्यांच्या ढिगात घर केलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर विचारलं, "या काकू एवढ्या साड्या पाहून घेत काहून नाहीत?" शेठ म्हणाले, उद्या एकटी या, नाहीतर येऊ नका.

तिसऱ्या दिवशी मी तेच केलं ज्यासाठी शेजारच्या वस्तीला मी वर्षभर नावं ठेवली होती. बिस्किटाचा पुडा ठेवला, मोबाइल लावून दिला, बाहेरून कुलूप घातलं. नळापर्यंत गेले. आतून रडणं आलं असतं तर मन घट्ट करून कदाचित गेलेही असते. पण आतून काहीच आवाज येईना. मी परत फिरले, कुलूप काढलं, तिला उचललं आणि काकाजीचं दार वाजवलं. उघडेपर्यंत वाजवलं.

दोन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. मी आरूला खाली उभं केलं.

"मले भेव लागते बाई," तो म्हणाला.

"मला पण लागतं," मी म्हटलं. "पण दहाला दुकान उघडतं."

तो आरूसमोर उकिडवा बसला. "हिचं नाव काय वं?"

"आरोही."

"आरोही," तो म्हणाला. पुन्हा एकदा, जरा हळू, "आरोही." मग त्याने हात पुढे केला. तिने धरला. मी मागे न बघता निघाले, कारण बघितलं असतं तर निघाले नसते.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधीच निघाले आणि धावत घरी आले. अंगणात सगळी पोरं उड्या मारत होती. काकाजी कडुनिंबाजवळ उभा होता, आरू त्याच्या शेजारी, रडून रडून लाल झालेली.

"काय झालं गं?"

"आई, आबाजी हातच नाही सोडत!" तिने भोकाड पसरलं. "सकाळपासून! लंगडी नाही खेळू दिली, खिडकीत नाही बसू दिलं. जेवतानी बी डावा हात धरूनच होते!"

मी तिचा दुसरा हात धरला. "सोडा काकाजी आता."

त्याने सोडला नाही. आधी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग माझ्या. "घेतली?"

"घेतली."

"पक्की?"

"पक्की घेतली, काकाजी."

तेव्हा कुठे त्याने एकेक करून बोटं उघडली. हात आखडला होता, तो दुसऱ्या हाताने चोळत ओट्यावर बसला. आरू एका क्षणात पोरांत पळाली. तो तिच्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे.

"एका दिवसात जीव अर्धा झाला माह्या," तो म्हणाला. "तू रोज हिले सोडून जाते. तिकडं कापड कसं मोजते वं बाई?"

"चुकतं काकाजी," मी म्हटलं. "रोज चुकतं."